लहानपणी किडनीला मार बसला होता? मग मोठेपणी काय काय बघायचं, माझ्या अनुभवातून

मला घोणस चावली तेव्हा मी 9 वर्षांची होते. 1996 चा ऑगस्ट, पाटण तालुका, आईचं जेवण घेऊन खाचराच्या बांधावरून चालले होते. तासाभरात पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत लघवी बंद. घोणशीच्या विषानं रक्ताची गोठायची यंत्रणाच बिघडते आणि किडनीही सापडते त्यात. पोटात नळी घालून डायलिसिस केलं, बेंबीखाली अजून वण आहे. आई सलाईनच्या रिकाम्या बाटलीला चिकटपट्टीच्या खुणा करून माझी लघवी मोजायची, आणि 12 व्या दिवशी 40 एमएल आली तेव्हा तिनं वॉर्डात साखर वाटली, चहासाठी आणलेली.

महिन्यानं घरी आले. "किडनी सुधारली, आता काही नाही" असं सांगितलं आणि तो विषय तिथंच संपला. उलट आजीनं घरात ताकीदच दिली की पोरीचं लग्न व्हायचंय, चारचौघांत डायलिसिस डायलिसिस करू नका. मग काय, 20 वर्षं कुणी केलंच नाही. मी पण नाही. डॉक्टरनं "आधी काही आजार?" विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, नाही. कारण माझ्या डोक्यात तो साप चावल्याचा किस्सा होता, किडनीचा आजार नव्हता.

2016 मध्ये प्रेग्नंट असताना 16 व्या आठवड्यात बीपी 146/94 आलं आणि लघवीत प्रोटीन. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे प्रेग्नन्सीमुळं असतं तर साधारण 20 आठवड्यांनंतर वर गेलं असतं, इतक्या लवकर म्हणजे आधीपासूनचं असणार, लहानपणी किडनीचं काही झालं होतं का. तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

म्हणून हे लिहितेय. साप सोडा, ज्यांना लहानपणी जुलाबांनंतर लघवी बंद झाली होती, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) किंवा मलेरियात आयसीयूत होते, अंगावर सूज येऊन महिनोन्महिने स्टेरॉइड चालू होतं (नेफ्रोटिक), वारंवार लघवीचं इन्फेक्शन व्हायचं किंवा लघवी उलटी किडनीकडं चढायची, जन्मतःच लघवीच्या मार्गात पडदा होता (मुलग्यांत), कॅन्सरची केमो झाली, फार कमी दिवसांचे जन्मले, त्या सगळ्यांसाठी. आणि 2025 मध्ये भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं छिंदवाड्याकडच्या ज्या पोरांच्या किडन्या गेल्या आणि बरीच जणं नागपूरला आणली होती, त्यातली जी वाचली त्यांच्या आईबापांसाठी तर जास्तच.

आधी थोडं कळून घ्या की असं होतं कशानं. एका किडनीत सरासरी 10 लाखाच्या आसपास बारीक गाळण्या असतात, नेफ्रॉन. त्या सगळ्या आईच्या पोटात तयार होतात, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत, त्यानंतर एकही नवीन होत नाही. मार बसला की काही कायमच्या जातात आणि उरलेल्या जास्तीचं काम ओढायला लागतात, त्यामुळं रिपोर्ट छान येतो. दहा माणसांचं काम सहा जण करत असले तरी महिनाअखेर हजेरी भरलेली दिसते ना, तसंच. पण त्या सहा जणांची पाठ जाते. इथं पाठ जाणं म्हणजे गाळणीवर दाब वाढणं, प्रोटीन गळायला लागणं, बीपी चढणं, आणि मग अजून गाळण्या जाणं, हे सगळं 15-20-30 वर्षांत हळूहळू होतं आणि दुखत काहीच नाही. त्यात मूल वाढत असतं, शरीर मोठं होतं, गाळण्या तेवढ्याच, म्हणून पुष्कळांचं वयात येताना किंवा त्यानंतर उघडकीला येतं.

इस्रायलमध्ये एक मोठा अभ्यास झालाय, 2018 ला छापून आला. सैन्यभरतीच्या आधी 1967 ते 1997 मध्ये तपासलेली जवळपास 15 लाख मुलंमुली, नंतर 30 वर्षं बघितली. ज्यांना लहानपणी किडनीचा काही आजार होता पण भरतीच्या वेळी किडनीचं काम आणि बीपी नॉर्मल होतं, त्यांच्यात पुढं किडनी पूर्ण निकामी व्हायचं प्रमाण साधारण चौपट निघालं. चौपट ऐकून घाबरू नका, मुळात तरुणपणी हा धोका अगदी छोटा असतो त्यामुळं चौपट होऊनही बहुतेकांना काही झालं नाही. पण "नॉर्मल आहे, विसरून जा" हे काही खरं नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं होतं ते शोधा. आईला विचारा, आणि "मला काय झालं होतं" असं मोघम नको, मुद्द्याचे प्रश्न विचारा: लघवी किती दिवस बंद होती, डायलिसिस झालं का, पोटातून की मानेतल्या नळीतून, रक्त चढवलं का, घरी आल्यावर गोळ्या किती दिवस, परत दाखवायला बोलावलं होतं का आणि गेलो होतो का. आत्या, मामा, जो दवाखान्यात रात्री थांबायचा त्याला पण विचारा, आकडे त्याच्याच लक्षात असतात. दवाखान्याकडून जुनं काही मिळेल ही आशा कमी ठेवा, कारण डॉक्टरांना ॲडमिट पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचं बंधन आहे, पुढं ठेवले तर नशीब. आत्ताच ज्यांचं पोर ॲडमिट झालंय त्यांनी मात्र घरी येण्याआधीच लेखी मागणी करा, मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचा नियम आहे.

माझा कागद कुठं सापडला तर माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. पिवळा पडलेला डिस्चार्ज कार्डाचा अर्धा भाग. त्यावर "क्रिएटिनिन 1.1" (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून टाकते) आणि पुढं कंसात 0.6 ते 1.2, म्हणजे नॉर्मल. आता गंमत बघा. ती रेंज मोठ्या माणसांची होती. 9 वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन अर्ध्याच्या आसपास असायला पाहिजे, कारण ते स्नायूंतून येतं आणि पोराला स्नायू असतात किती. माझी उंची तेव्हा 125 सेमी धरली आणि आजचं लहान मुलांचं सूत्र लावलं (0.413 गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन) तर किडनीचं काम येतं 47. लॅबच्या जुन्या पद्धती वेगळ्या होत्या त्यामुळं आकडा ढोबळच समजा, पण नॉर्मल तो कुठल्याच हिशेबानं नव्हता. तोच 1.1 आज माझ्या वयाच्या बाईचा असेल तर 66 येतो, आणि माझ्याच वयाच्या पुरुषाचा असेल तर 88. आकडा एकच, अर्थ तीन. म्हणून रिपोर्टवर नुसतं क्रिएटिनिन बघून "नॉर्मल आहे हो" म्हणणाऱ्याकडं, मग तो लॅबवाला असो नाहीतर शेजारचा फार्मसीवाला, लक्ष देऊ नका. ईजीएफआर विचारा, म्हणजे क्रिएटिनिनवरून सूत्रानं काढलेला किडनीच्या कामाचा आकडा, वर काढला तसा. मोठ्यांचा बहुतेक लॅब छापून देतात, लहान मुलांचा उंची माहीत असल्याशिवाय निघतच नाही.

हे सगळं कळलं की त्याचं एक वाक्य करून पाठ करा. माझं असं आहे: "9 व्या वर्षी साप चावून किडनी फेल, 12 दिवस लघवी बंद, पोटातून डायलिसिस, आता ईजीएफआर 59, टेल्मिसार्टन चालू." दाताच्या डॉक्टरपासून सगळ्यांना हे सांगते. सुरुवातीला लाज वाटायची, आता पत्ता सांगितल्यासारखं सांगते. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर मेडिकल माहिती टाकता येते तिथं पण टाकलंय, आणि आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) काढून त्याला नवीन रिपोर्ट जोडत जाते, जुनं सगळं अर्थात फोटो काढून.

तपासण्या चारच आहेत आणि एकही फार महाग नाही. बीपी, लघवीचा एसीआर, क्रिएटिनिन-ईजीएफआर आणि एकदा सोनोग्राफी.

बीपी घरी घ्या, दंडावरचं मशीन, मनगटावरचं नको. चहा, तंबाखू, जिना चढणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा (हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, आमच्याकडं त्याच वेळी कुकरची शिट्टी होते), हात छातीच्या पातळीला टेबलावर, आणि दोनदा मोजा. सकाळ संध्याकाळ असं 7 दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी. घरी 135/85 च्या वर सरासरी म्हणजे बीपी आहे, आणि किडनीवाल्यांना डॉक्टर त्याहून खालीच ठेवायला सांगतात. वय 28 आहे, मला कुठलं बीपी, असं म्हणू नका. पंचविशी-तिशीतलं बीपी हे कित्येकदा किडनीचंच असतं.

लघवीचा एसीआर म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, हे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या कारण नुसतं "लघवी तपासा" म्हटलं की लॅब साधी रुटीन करते आणि थोडं प्रोटीन त्यात सुटून जातं. सकाळची पहिली लघवी द्या. पाळी चालू असताना, तापात किंवा आदल्या दिवशी ट्रेक वगैरे केला असेल तर देऊ नका, उगाच वाढलेला येतो. 30 च्या खाली चांगलं, 30 ते 300 म्हणजे गळायला लागलंय, 300 च्या वर म्हणजे लवकर किडनीच्या डॉक्टरकडं. एकदा वाढलेला आला म्हणून रडत बसू नका, 3 महिन्यांत परत करून बघतात, पुन्हा आला तरच धरतात. माझ्या मते चारांत ही एक सगळ्यात महत्त्वाची, कारण ईजीएफआर अजून 90 असताना सुद्धा ही आधी बोलते, आणि नेमकी हीच कुणी लिहून देत नाही.

सोनोग्राफीत किडनीची लांबी बघायची. मोठ्या माणसाची साधारण 9 ते 12 सेमी. माझी उजवी 8.4 आहे, डावी 8.9, आणि रिपोर्टमध्ये "इकोजेनिसिटी वाढलेली" असा शेरा, म्हणजे आत जुने वण.

किती वेळा करायचं? आत्ताच दुखणं झालं असेल तर 3 महिन्यांनी एकदा तपासणी ही पक्की, त्यात हयगय नको. सगळं चांगलं आलं तरी वर्षातून एकदा बीपी, एसीआर, क्रिएटिनिन, आयुष्यभर. काही वाढलेलं असेल तर डॉक्टर सांगेल तसं, मला 6 महिन्यांनी बोलावतात. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी नागपंचमीला बांधून टाकली आहे, त्या आठवड्यात तपासणी. ज्यानं केलं त्याच्याच सणाला, घरच्यांना विनोद वाटतो पण 8 वर्षांत चुकलेली नाही.

औषधांचं नीट ऐका, कारण निम्मं नुकसान इथं होतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, म्हणजे अंगदुखी-दातदुखी-पाळीच्या दुखण्याला आपण मेडिकलमधून सहज आणतो त्या सगळ्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाला एखादी चालून जाते. आपल्याला नको, त्यात जुलाब-उलट्या चालू असताना किंवा उन्हात घाम गेल्यावर तर अजिबात नको. मी लोणंद ते फलटण वारीत चालले होते तेव्हा दिंडीत एक काका प्रेमानं प्रत्येकाला गुडघ्याची गोळी वाटत होते, पाकीट उलटं करून बघितलं तर डायक्लोफिनॅक. उपाशीपोटी, पाणी कमी, ऊन, वर ही गोळी. माझी मी हळूच खिशात टाकली. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही प्रमाणात. जेंटामायसिन-ॲमिकॅसिनची इंजेक्शनं आणि सीटी स्कॅनचं रंगाचं इंजेक्शन याच्या आधी आपलं ते पाठ केलेलं वाक्य सांगायचं, लागलंच तर डॉक्टर जपून देतात. पारा-शिसं असलेली भस्मं, नाव-गाव नसलेल्या पुड्या, पाऱ्याची गोरं व्हायची क्रीमं, याला माझा साफ नकार आहे, कितीही मोठ्या वैद्यानं दिलं तरी आत काय आहे ते लिहून मागते आणि बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो. जिमला जाणाऱ्या पोरांनी प्रोटीनचे डबे विचारल्याशिवाय चालू करू नयेत, आणि क्रिएटिन घेत असाल तर तपासणीच्या आधी सांगा, त्यानं क्रिएटिनिनचा आकडा वर दिसतो.

मला लागू पडली ती टेल्मिसार्टन. बीपीची गोळी आहे पण गाळणीवरचा दाब पण उतरवते त्यामुळं प्रोटीन गळायचं कमी होतं. माझा एसीआर बाळंतपणानंतर 210 होता, आता 45. ही किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू केल्यावर 2 ते 4 आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघावं लागतं. आणि जुलाब-उलट्या जोरात लागल्या तर ती थोडे दिवस थांबवायची असते, पण कधी थांबवायची कधी परत चालू करायची हे आधीच विचारून ठेवा, रात्री 2 वाजता डॉक्टर फोन उचलत नाही.

खाण्याबद्दल फार काही नाही. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चमचा, 5 ग्रॅम. आता आमच्याकडं ठेचा, लोणचं, पापड, सुकट, फरसाण यातच तो चमचा संपतो, म्हणजे आमटीत काय घालायचं हा प्रश्न. मी पानातलं वरचं मीठ बंद केलं आणि पापड रविवारी. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. आणि "लो सोडियम" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमी चालत असेल तर ते धोक्याचं. पाणी तहान लागेल तसं, लघवी फिकट पिवळी राहील इतपत, ते व्हॉट्सॲपवरचं 5 लिटर काही खरं नाही. डाळ, अंडं, मासे सोडू नका उगाच, किडनी बऱ्यापैकी चालतेय तोवर साधं घरचं जेवण चालतं.

मुलींसाठी वेगळं सांगते. दिवस राहायच्या आधी, राहिल्यावर नाही, किडनीच्या डॉक्टरला भेटा. किडनी पूर्ण सुधारलेली असली तरी प्रेग्नन्सीत प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी चढून आई-बाळ दोघांना धोका होतो तो आजार) व्हायची शक्यता जास्त असते. अमेरिकेत बॉस्टनला अशा बायकांचं बघितलं तर सुधारलेल्यांमध्ये 23 टक्क्यांना झालं, ज्यांना किडनीचं कधी काही झालंच नव्हतं त्यांच्यात 4 टक्क्यांना. टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल बाळाला घातक, आधीच बदलून घ्यावी लागते. आणि डॉक्टर साधारण 12 व्या आठवड्यानंतर कमी डोसची ॲस्पिरिन चालू करतात, 16 च्या आत केली तर उपयोग, माझं 16 व्या आठवड्यात कळलं म्हणजे बस सुटता सुटता पकडली. घोणस चावलेल्यांमध्ये पाळीच बंद होणं, कायम थकवा असंही वर्षांनंतर येऊ शकतं, ते मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला मार बसल्यामुळं, तेव्हा असं काही असेल तर हॉर्मोन तपासायला सांगा.

लग्नाचं म्हणाल तर मी लपवलं (म्हणजे लपवलं गेलं) आणि नंतर दवाखान्यात नवऱ्यासमोर कळलं, तो प्रसंग काही छान नव्हता. त्याचं म्हणणं एकच होतं, आधी सांगितलं असतं तर आधी डॉक्टरकडं गेलो असतो. बरोबरच आहे. इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये पण लिहा. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं, 2024 पासून, आधी 48 होते. लपवलंत तर ऐन वेळी क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं.

आणि ज्यांची पोरं आत्ता लहान आहेत त्यांनी 12-13 व्या वर्षापासून त्याला स्वतःचं वाक्य बोलायला लावा, डॉक्टरच्या खोलीत आईनं 10 मिनिटं गप्प बसायचं. 18 झालं की मुलांचे डॉक्टर सोडून मोठ्यांच्या डॉक्टरकडं जावं लागतं, होस्टेल, नोकरी, आणि नेमकं तिथंच फॉलोअप तुटतो. जुन्या डॉक्टरकडून नवीन डॉक्टरच्या नावानं एक पानाची चिठ्ठी घ्या आणि पहिली भेट जुना सोडायच्या आधी करा.

माझी मुलगी 35 व्या आठवड्यात झाली, 1 किलो 900. म्हणजे तिच्या गाळण्या पण पूर्ण झाल्या असतील नसतील. ती आता 9 वर्षांची आहे. तिचं बीपी दर वर्षी बघतो, लहान पट्टा वेगळा विकत आणलाय कारण मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर लावला तर आकडा खोटाच कमी येतो, आणि मुलांचं बीपी वय-उंचीच्या तक्त्यावर बघायचं असतं, 120/80 वर नाही. परवा तिनं स्वतःच पट्टा बांधला, 98/60, आणि वहीत तारीख घालून लिहिलं.